हिरड्याच्या रानातून पुण्याच्या पेठेत

संक्रांतीला नेसायच्या काळ्या चंद्रकळेचं सूत पेठेतल्या रंगाऱ्याच्या हंड्यात काळं होई, पण त्या काळ्या रंगाचा खरा आधार डोंगरातून येत असे. पुडीतले रंग येण्याआधी सुती धाग्यावर पक्का काळा रंग चढवायला रंगाऱ्याला दोन गोष्टी लागत. एक लोखंडाचा अंश आणि दुसरा हिरडा. लोखंड कुठल्याही लोहाराच्या भट्टीपाशी मिळे. हिरड्यासाठी सह्याद्री गाठावा लागे. पुण्याला तोही फार दूर नव्हता. जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी, वेल्हे अशी जिल्ह्याची सगळी पश्चिम कड हा हिरड्याचा पट्टा आहे.

महाराष्ट्रातल्या वस्त्रांचा इतिहास लिहिताना विणकरांचे माग दिसतात, पेशव्यांची हौस दिसते, जरीचे काठ दिसतात. रान मात्र क्वचितच दिसतं. रंग जणू पेठेतच उगवत होता, अशा थाटात तो इतिहास सांगितला जातो. वास्तविक पौड खोऱ्यातलं, मुठे खोऱ्यातलं, कोरबारसे मावळातलं जंगल बाजूला काढलं तर पुण्याच्या रंगाऱ्याच्या हातात फिका, दोन धुण्यांत उतरणारा रंग तेवढा उरतो. शिवकालापासून बारा मावळांत मोजली जाणारी ही खोरी तलवार धरणाऱ्या मावळ्यांसाठी ओळखली गेली. त्यांच्या रानातल्या फळांचं, सालींचं आणि मुळांचं श्रेय कुणी फारसं मोजलं नाही. ते मोजायला हवं.

हिरडा हा सह्याद्रीतला मोठा पानझडी वृक्ष. घरोघर तो त्रिफळा चूर्णातला एक घटक म्हणून माहीत असतो. त्याची फळं दोन वेळा गोळा होतात. आठळी टणक होण्याआधी कोवळी काढून वाळवलेली, काळी पडलेली ती बाळहिरडा. ती औषधाकडे जाते. पूर्ण वाढलेला, पिवळसर करड्या सालीचा मोठा हिरडा रंगारी आणि कातडी कमावणारे घेत. झाडावर चढायचं, फांद्या हलवायच्या, खाली पडलेली फळं वेचायची, कातळावर नाहीतर अंगणात वाळत घालायची, पाऊस आला तर धावत गोळा करायची. डोंगरातल्या महादेव कोळी, कातकरी, ठाकर, कुणबी घरांतल्या बायामुलांनी हे काम पिढ्यानपिढ्या केलं. वाळलेल्या मोठ्या हिरड्याच्या गरात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं. तोंडाला घट्ट मिठी मारणारा तुरटपणा त्याचाच.

रंगाऱ्याला हे टॅनिन का लागे? रेशीम आणि लोकर तुरटी सहज धरतात आणि तुरटी रंग धरून ठेवते. कापूस तसा नाही. त्याच्या धाग्यावर तुरटी नीट टिकत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं सूत मात्र टॅनिन घट्ट धरतं, टॅनिन तुरटीला धरतं आणि मग मंजिष्ठाचा किंवा आलाच्या मुळांचा लाल रंग असा बसतो की लुगडं फाटेल पण रंग हलणार नाही. हे रसायनशास्त्र रंगाऱ्याने कुठल्या पोथीत वाचलं नव्हतं. ते बापाने मुलाला हंड्यापाशी उभं करून शिकवलं होतं.

कामाला वेळ लागे. कोऱ्या सुतातला मेणचटपणा आणि खळ काढण्यासाठी ते भिजवायचं, उकळायचं, आपटायचं आणि पुन्हा धुवायचं. मग कुटलेल्या हिरड्याच्या पाण्यात बुडवून, पिळून, उन्हात टाकायचं. सूत फिक्या पिवळ्या, मळकट रंगाचं होऊन निघे. पुढे दोन वाटा. तुरटीच्या पाण्यात घातलं तर ते लालासाठी तयार होई. हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, नाहीतर गुळात कुजवलेल्या लोखंडाच्या पाण्यात घातलं तर डोळ्यांदेखत काळवंडू लागे. गडद, खोल काळा हवा असेल तर आधी निळीत बुडवून मग हिरडा आणि लोखंड देत. प्रत्येक पायरीनंतर वाहत्या पाण्यात धुणं आणि कडक ऊन या दोन गोष्टी हव्याच. म्हणून रंगाऱ्यांची वस्ती नदी-ओढ्याच्या जवळ असे आणि पावसाळ्यात त्यांचा धंदा मंदावे.

एकच हिरडा किती रंगांत शिरतो हे पाहण्यासारखं आहे. नुसत्या तुरटीबरोबर तो पिवळा देतो. लोखंडाबरोबर राखाडी ते काळा. हळदीच्या किंवा पळसफुलांच्या पिवळ्यावर थोडं हिराकशीचं पाणी पडलं की शेवाळी. लालाखाली तो दिसत नाही, पण लाल त्याच्यावरच उभा असतो. दिसतो त्यापेक्षा न दिसता जास्त काम करणारा हा घटक आहे, आणि कदाचित म्हणूनच इतिहासात त्याचं नाव मागे राहिलं.

रानात आणखी बरंच काही होतं. ऐनाच्या सालीत टॅनिन असतं. घाटाखालचे कोळी आपली जाळी तिच्या काढ्यात बुडवून मजबूत करत. बेहड्याचं फळ हिरड्याच्या जोडीला चाले. धायटीची लालसर फुलं आल-मंजिष्ठाच्या उकळीत घातली की रंग सगळीकडे सारखा बसतो, डाग पडत नाहीत. मध्य प्रदेशात बागचे छापकाम करणारे कारागीर ती वापरत आले आहेत. आलाच्या मुळांची खानदेशात आणि वऱ्हाडात शेती होत असे. त्याच कुळातली बारतोंडी सह्याद्रीच्या उतारावर आपोआप वाढते. मंजिष्ठाच्या वेलीही थंड, ओलसर डोंगरांवर आढळतात. पावसाळ्यात ज्या टाकळ्याची कोवळी भाजी घरोघर होते, त्याच टाकळ्याचं बी उकळून निळीच्या हंड्यात घालत, कारण त्याने नीळ आंबायला मदत होते.

आणि खैर. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत तासन्‌तास उकळून, आटवून कात काढायचा, हा कातकऱ्यांचा मूळ धंदा. जमातीला नावही त्यावरूनच पडलं. कात विड्यात जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो तपकिरी रंगही देतो, आणि तोही पक्का. युरोपात शिडांना, जाळ्यांना आणि खाकी कापडाला कात वापरला गेला. मुळशीच्या आणि घाटाखालच्या रायगडच्या वाड्यांत राहणारे कातकरी आज वीटभट्ट्यांवर आणि शेतमजुरीवर जगताना दिसतात, तेव्हा हे लोक एकेकाळी रंगद्रव्याचे उत्पादक होते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माल डोंगरातून उतरला की पुण्यात दोन जाती-व्यवसायांच्या हातांत जाई. निळीचं काम निराळ्यांचं. बाकीचे रंग रंगाऱ्यांचे. त्यांतले बरेचसे हिंगलाज देवीला मानणारे भावसार. लुगड्यांचं सूत विणण्याआधी रंगत असे. पागोटी, शेले, उपरणी विणून झाल्यावर रंगवत, आणि रंग उतरला की पुन्हा रंगवायला देत. कुसुंबी पागोट्याचं तर ते ठरलेलंच होतं. करडईच्या फुलांतून निघणारा कुसुंबा झळझळीत दिसतो, पण ऊन आणि पाणी सोसत नाही. श्रीमंती त्या कच्च्या रंगातही होती, कारण वर्षातून अनेकदा पागोटं रंगवून घेणं हे ऐपतीचं लक्षण होतं. पेशवाईत या सगळ्या धंद्याला बहर आला. माधवराव पेशव्यांनी आसावली नक्षीचे दुपट्टे मागवताना लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंग नेमके नोंदवले होते. मागणारा इतका चोखंदळ असेल तर रंगवणारा तयारीचा असावाच लागतो.

पुण्यातल्या एका रंगाऱ्याचं नाव आजही दर गणेशोत्सवात घेतलं जातं. भाऊसाहेब लक्ष्मण जावळे म्हणजे भाऊ रंगारी. त्यांच्या नावाच्या मंडळाच्या परंपरेनुसार १८९२ साली त्यांनी सार्वजनिक गणपती बसवला. आडनाव जावळे असूनही लोक त्यांना रंगारी म्हणत, ते घराण्याच्या शालू रंगवण्याच्या धंद्यावरून. हे भाऊसाहेब नामांकित वैद्यही होते. रंगारी आणि वैद्य एकाच माणसात एकत्र यावेत यात नवल वाटायला नको. हिरडा, हळद, मंजिष्ठ, लाख, कात, धायटी ही सारी नावं वैद्याच्या फडताळात जशी सापडतात तशीच रंगाऱ्याच्या कोठारातही. झाडपाल्याची पारख हे दोन्ही विद्यांचं समान भांडवल होतं. भाऊ रंगाऱ्यांना स्वातंत्र्यलढ्याच्या आणि उत्सवाच्या इतिहासात जागा मिळाली, तशी ती रंगविद्येच्या इतिहासातही मिळायला हवी.

दागिन्यांचा धंदा वरवर पाहता रानापासून दूरचा वाटतो. सोनं-चांदी बाहेरून येणार, भट्टी सोनाराची, गिऱ्हाईक शहरातलं. पण जुन्या मराठी दागिन्याची घडण जवळून पाहिली की तिथंही झाडं भेटतात. कोल्हापुरी साजाचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. थोड्या सोन्यात भरीव, दबदबीत दागिना घडवण्याची ही युक्ती आहे. वज्रटिकेचे टोकदार मणीही असेच लाखेवर सोन्याचा पत्रा चढवून करतात आणि रंगीत कापडाच्या गादीवर बसवतात. ही लाख पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर किडे तयार करतात. लाख धुताना जे तांबडं पाणी निघतं, त्यातून रेशमाचा लाल रंग होई. म्हणजे एकाच फांदीवरून रंगारी आणि सोनार दोघांचंही साहित्य निघत होतं.

सोनाराच्या तराजूत गुंजा होत्या. रानातल्या वेलीची ती लाल, काळ्या ठिपक्याची बी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळाभर सोन्याच्या पारड्यासमोर ९६ गुंजा. दागिना उजळायला चिंच किंवा आमसूल आणि घरी धुवायला रिठ्याचा फेस. मराठी घरांत आजही ठुशी आणि मोत्यांची नथ रिठ्याच्याच पाण्यात धुणाऱ्या आज्या आहेत, आणि भरजरी पैठणीलाही त्या रिठाच लावतात.

या दोन धंद्यांना खऱ्या अर्थाने जोडणारा कारागीर म्हणजे पटवेकरी. सोनार मणी घडवून देई, पण त्यांची माळ पटवेकरी ओवत असे. रंगीत रेशमाचा पीळ, मागे सरकणारी गाठ, शेवटी गोंडा. पुतळ्यांची माळ असो, मोहनमाळ असो किंवा गळ्याबरोबरची ठुशी असो, रेशमाचा लाल गोंडा मानेवर दिसला की दागिना पूर्ण झाला. तो गोंडा रंगाऱ्याच्या हंड्यातून आलेला असे. पटवेकऱ्यांची घरं पुण्यात होती, जत्रांतही ते बसत. यंत्राने घडवलेल्या साखळ्या आणि आकडे आले तशी त्यांची गरज कमी होत गेली. मराठी दागिन्यांवर भरपूर लिहिलं गेलं, संग्रहालयांत नथा आणि बुगड्या मांडल्या गेल्या; दोरा वळणाऱ्याची आठवण मात्र फारशी कुणी ठेवली नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दागिने बघायला जाणाऱ्याने सोन्याइतकंच त्या दोऱ्याकडेही पाहावं.

मावळातल्या सामान्य घरात अर्थात सोनं बेताचंच. गळ्यात डोरलं नाहीतर काळी पोत, पायात जोडवी, हातात कासाराने भरलेल्या काचेच्या बांगड्या. ठाकर बायकांच्या गळ्यात मण्यांच्या सरीवर सरी. कापडही असंच, जाडंभरडं. पावसापासून राखणारी घोंगडी मेंढीच्या मूळ काळ्या लोकरीची, तिला रंगच नको. हिरडा वेचणाऱ्या बाईच्या अंगावर हिरड्याने रंगलेलं उंची लुगडं क्वचितच आलं असेल. कच्चा माल डोंगराचा आणि झळाळी शहराची, ही विषमता नैसर्गिक रंगांच्या सोनेरी काळातही होती. तो काळ आठवताना ती झाकून ठेवू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी दोन बाजूंनी मोडली. पहिला घाव रानावर पडला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली, आणि जिथे खैर तोडणं, फळं वेचणं, गुरं चारणं हा वहिवाटीचा हक्क होता तिथे परवाना आणि दंड आला. कातकऱ्यांचा कात काढण्याचा धंदा यातच खचला. पुण्यात बसून महात्मा फुले हे सारं पाहत होते. १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगल खात्याने शेतकऱ्यांची गायराने आणि डोंगर कसे घेरले यावर कोरडे ओढले, आणि परदेशी मालाने इथल्या कारागिरांची काय दशा केली तेही मांडलं. जंगल आणि कारागीर यांची दुःखं एकाच पुस्तकात ठेवणारी फुल्यांची नजर पुढच्या अनेक कलासमीक्षकांना लाभली नाही.

दुसरा घाव प्रयोगशाळेतून आला. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनला डांबरापासून जांभळा रंग सापडला. १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठातला लाल घटक, अलिझरीन, कारखान्यात तयार करण्याची रीत शोधली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. याच काळात, १८६६ साली, लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानी कापडांच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार करवले, म्हणजे विलायतेच्या गिरण्यांना इथल्या लोकांची आवड कळावी आणि तसा माल काढता यावा. नमुना इथला, रंग जर्मनीचा, कापड मँचेस्टरचं. १८९६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या रंगांवर आणि रंगकामावर सी. जी. एच. फॉसेट या अधिकाऱ्याने सरकारसाठी एक प्रबंध लिहिला. तोवर या विद्येची नोंद करून ठेवण्याची गरज सरकारलाच वाटू लागली होती. आठवडे बाजारात रंगाच्या पुड्या मिळू लागल्या. जे काम आठवडाभर चाले ते एका सकाळी उरकू लागलं, आणि रंगाऱ्याने ते स्वीकारलं म्हणून त्याला दोष देता येत नाही. त्याला पोट होतं.

हिरड्याचं मात्र विलक्षण झालं. रंगाऱ्याकडची त्याची मागणी घटली, पण परदेशातली वाढली. पर्किनचा जांभळा रंग रेशमावर छान बसे; सुतावर बसेना. शेवटी सुताला आधी टॅनिन द्यावं लागलं. पुण्याच्या रंगाऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक असलेलं तत्त्व विलायतेतल्या नव्या रंगालाही टाळता आलं नाही. त्याशिवाय युरोपातल्या चामड्याच्या कारखान्यांना हिरडा हवाच होता. मुंबईहून तो बोटींत भरून जाई, आणि परदेशी बाजारात त्याच्या प्रती हिंदुस्थानातल्या गावांच्या नावांनी ओळखल्या जात. जबलपूर, भीमली यांच्या रांगेत आपलं वेंगुर्लाही होतं. झाडाखालच्या माणसाला मात्र व्यापारी देईल तो भाव, आणि अनेकदा तो भाव तांदळाच्या किंवा मिठाच्या रूपात.

स्वदेशीची हाक पुण्यात लवकर उठली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताची खादी घालून गेले होते. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. सावरकर त्यात पुढे होते आणि टिळक हजर होते. कापड देशी हवं, हा आग्रह त्यातून रुजला. रंगाचा प्रश्न मागेच राहिला. पहिलं महायुद्ध सुरू होऊन जर्मन रंग बंद झाले तेव्हा काही वर्षं नीळ, आल, कात यांना पुन्हा भाव आला. युद्ध संपलं आणि पुड्या परत आल्या.

आणि मग मुळशीवर तिसरा घाव आला. तो थेट जमिनीवरचा होता. मुंबईच्या कापड गिरण्यांना विजेची भूक होती. टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून कोकणात वीज करण्याची योजना आखली होती. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, पाठोपाठ भिवपुरीचं काम हाती घेतलं गेलं. त्यानंतर १९१९ मध्ये नोंदलेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा आणि निळा नद्यांचं खोरं निवडलं. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली किंवा पाण्याच्या धारेवर येणार होती. भाताची उत्तम खाचरं, माळावरचे आंबे, हिरड्याची रानं, देवळं आणि वाड्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी जनतेने दिली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. लढा साडेतीन वर्षं टिकला. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि आंदोलन संपलं. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि तो जगातला पहिला धरणविरोधी लढा ठरवला. मोबदल्याचे पैसे ज्यांच्याकडे जमिनी गहाण होत्या त्या सावकारांच्या हाती मोठ्या प्रमाणात गेले, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे येतं.

भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. मुळेचं पाणी बोगद्यातून कोकणात उतरून मुंबईच्या गिरण्या चालवू लागलं. ज्या गिरण्यांच्या कापडाने हातमाग आणि रंगारी हटवले, त्यांच्या चाकांना गती देण्यासाठी रंगाऱ्याला हिरडा देणारं एक खोरंच बुडवलं गेलं. मुळशी सत्याग्रहाकडे आजवर जमीन, पाणी आणि विस्थापन यांच्या अंगाने पाहिलं गेलं. ते बरोबरच आहे. पण वस्त्रांच्या इतिहासातही १९२१ ची मुळशी एक ठळक नोंद आहे, आणि वस्त्रांवर लिहिणाऱ्यांनी ती घेतली पाहिजे.

धरणानंतर डोंगर उघडे पडत गेले. शेजारच्या पानशेत खोऱ्यात काय घडलं ते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवलं आहे: धरणाबरोबर रस्ता आला, रस्त्याने कोळशाचे व्यापारी आले आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली मालकीची झाडं कवडीमोलाने कोळशात गेली. वर्षानुवर्षं फळ देणाऱ्या झाडाची किंमत एका भट्टीत संपली. टिकलं ते देवाच्या धाकाने. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुऱ्हाड न लागलेली जुनी रानं या राखलेल्या तुकड्यांतच उरलेली दिसली.

गेल्या तीसेक वर्षांत नैसर्गिक रंगांना पुन्हा दिवस आले आहेत. १९९० च्या दशकात जर्मनीने घातक अॅझो रंगांवर बंदी आणली, भारतातही तशी बंदी आली, आणि निर्यातदारांपासून शहरी ग्राहकांपर्यंत सगळ्यांना हळद, नीळ आणि मंजिष्ठ यांची आठवण झाली. पुण्याच्या प्रदर्शनांत हिरड्याने रंगवलेले स्टोल, पानांचे ठसे उमटवलेल्या साड्या आणि हाताने घडवलेले पितळेचे, चांदीचे दागिने हमखास दिसतात. हे चांगलंच आहे. ज्यांनी हा धंदा पुन्हा शिकून घेतला त्यांच्या चिकाटीचं मोल आहे, कारण हिरड्याचा एक हंडा बिघडला तर सगळं सूत वाया जातं.

रानाकडची बाजू मात्र अजूनही लंगडी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावांना दिला. २०१३-१४ मध्ये केंद्राने ज्या मोजक्या वनउपजांना किमान आधारभूत किंमत जाहीर केली, त्यांत हिरडा होता. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला हिरडा झोडपला, तेव्हा भरपाईसाठी आदिवासींना वर्षानुवर्षं आंदोलन करावं लागलं. शेतातलं पीक गेलं तर पंचनामा होतो. रानातलं पीक गेलं हे सरकारला पटवून द्यावं लागतं.

मुळशीत तर झाडाखालची जमीनच सोन्याच्या भावाने विकली जाते आहे. लवासासारखं शहर याच तालुक्यात उभं राहिलं, ताम्हिणीच्या वाटेवर रिसॉर्टं आणि फार्महाऊसं वाढली. त्यांच्या दुकानांत ‘नैसर्गिक रंगांचं’ कापड विकायला असतं, आणि कुंपणापलीकडे हिरडा वेचायला जाणाऱ्या बाईची वाट बंद झालेली असते.

उपाय अवघड नाही. पैठणीच्या किंवा हातमागाच्या साडीला लावलेल्या चिठ्ठीवर विणकराचं नाव येऊ लागलं आहे. तिच्यावर आणखी दोन ओळी मावतात: हिरडा कुठल्या गावच्या रानातला आणि वेचणाऱ्याला किलोमागे काय दिलं. हे छापणं रंगवणाऱ्या संस्थांच्या हातात आहे. विचारणं ग्राहकाच्या हातात आहे. पुढच्या प्रदर्शनात स्टोल हातात घेताना रंग पक्का आहे का, एवढंच विचारून थांबू नका. हिरडा कुठून आणला आणि कितीला घेतला, हेही विचारा.